फाटकावर चढणारा गुलाब

ज्याला आपण ‘वेली गुलाब’ म्हणतो, ती मुळात वेल नाही. द्राक्षाला बाळी असते, ती तारेला विळखा घालते. कारल्याला ताणे असतात. मनीप्लँट खोडावरच्या मुळ्यांनी भिंतीला चिकटतो. गुलाबाकडे यातले काहीच नाही. त्याच्याजवळ फक्त लांब फांदी आणि खाली वळलेला काटा. रानात तो शेजारच्या झुडपात काटा अडकवून वर सरकतो. आपल्या फाटकावरच्या लोखंडी कमानीला त्याचा काटा अडकत नाही. म्हणजे त्याला आपणच बांधायचे, वळवायचे आणि वर न्यायचे. एवढे लक्षात घेतले की पुढची निम्मी निराशा टळते. कित्येक घरी ‘झाड लावलं, पण चढतच नाही’ अशी तक्रार असते. ते चढणारच नाही, त्याला चढवावे लागते.

हा विषय या महिन्यात घ्यायचे कारण माझ्या वर्गातली एक मुलगी. तिचे वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहेत. सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागले की मोहोळच्या अलीकडे ही वसाहत येते. बरीच वर्षे भाड्याच्या खोलीत काढल्यावर त्यांनी तिथल्याच गावाजवळ दोन खोल्यांचे स्वतःचे घर बांधले. पुढे छोटे अंगण, अंगणाला फाटक, फाटकावर कमान. कमान तर वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने करूनही दिली. आता तिच्यावर काय सोडायचे? घरातल्या सगळ्यांना बोगनवेल चालली असती. पण घरात दादा आहेत. त्यांनी उमेदीची वर्षे सोलापुरातल्या एका बंगल्यावर माळीकाम केले. काचबिंदूने आता त्यांची नजर गेली आहे. ते पहाटे नातवाचा हात धरून फजरला जातात आणि तसेच परत येतात. मुलगी म्हणाली, “टीचर, वासाचा गुलाब सांगा. दादांना रंग दिसत नाही. वास आला तर घर आलं हे त्यांना कळेल.”

दिसायला प्रश्न साधा, पण उत्तर तसे नाही. वास, काटा, ऊन आणि पाणी या चारही गोष्टी इथे एकमेकींच्या आड येतात.

आधी जागेबद्दल. सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण. वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही एक वर्ष आला तर दुसऱ्या वर्षी रुसणारा. मे महिन्यात पारा बेचाळीस अंशांच्या वर जातो. जमीन कुठे काळी, चिकट, पाणी धरून बसणारी, तर कुठे चार बोटे मातीखाली नुसता मुरूम. बोअरचे पाणी जड. त्यात हमरस्त्याची आणि ट्रकांची धूळ. गुलाबाच्या परदेशी पुस्तकांत जी नावे मोठ्या कौतुकाने छापलेली असतात, त्यांतली बरीच थंड मुलखासाठी तयार झालेली आहेत. ‘लेडी बँक्स’ नावाचा जवळजवळ बिनकाट्याचा गुलाब फोटोत पाहून कुणीही वेडे व्हावे, कमानभर फुलांचा पडदा. पण तो वर्षातून एकदाच फुलतो आणि नीट फुलायला त्याला थंडी लागते. डोंगराळ प्रदेशात तो शोभतो. आपल्याकडे पाने येतील, पाहुणे विचारतील फुले कधी, आणि आपण दरवर्षी ‘पुढच्या साली’ म्हणत राहू.

तरी गुलाब म्हणजे थंडीचेच झाड, असेही समजू नये. मणिपूरच्या डोंगरात रोझा जायगँटिया नावाचा रानगुलाब मोठमोठ्या झाडांवर चढतो. युरोपात गेलेल्या ‘टी’ गुलाबांच्या पूर्वजांत त्याची गणना होते. रोझा क्लायनोफायला हा दुसरा भारतीय रानगुलाब तर सखल, उष्ण प्रदेशातला, पाणथळ काठांवर वाढणारा. कोडाईकॅनालचे एम. एस. विरराघवन यांनी सरकारी नोकरीतून बाहेर पडल्यावर वर्षानुवर्षे याच दोन रानजातींवर काम केले. उष्ण मुलखातल्या अंगणाला टिकणारे गुलाब इथल्याच रक्तातून मिळावेत, हा त्यांचा ध्यास. त्यांच्या जाती आपल्या जवळच्या रोपवाटिकेत सहज मिळत नाहीत हे खरे, पण त्यांचा विचार लाख मोलाचा आहे.

मग आपल्याला मिळू शकणारे आणि इथल्या उन्हात तग धरणारे कोणते?

मी पहिले नाव घेईन ते वेली ‘आइसबर्ग’चे. मूळ झुडूप-गुलाब जर्मनीत कोर्डेस यांच्याकडचा, १९५८ सालचा. त्याची वेली जात १९६८ ची. पांढरी फुले, घोसांनी येणारी, वर्षातून पुन्हा पुन्हा. काटे कमी, पाने स्वच्छ. पांढऱ्या रंगाचा एक फायदा असा की उन्हाने रंग उडाला हे कळत नाही. खोट एकच, पण आपल्या कामात ती मोठी आहे. वास अगदी हलका.

‘गोल्डन शॉवर्स’ हा अमेरिकेतला, १९५६ चा. पिवळा, काटे थोडे, आणि फार उंच न जाणारा, म्हणून आठ फुटी कमानीला मापात बसणारा. मात्र आपल्या उन्हात सकाळचा पिवळा दुपारपर्यंत फिका पडतो. ‘कॉकटेल’ लाल, पाच पाकळ्यांचा, मध्ये पिवळा डोळा. दिसायला खट्याळ, वासाच्या नावाने शून्य. ‘प्रॉस्पेरिटी’ हा १९१९ चा जुना इंग्लिश गुलाब. पांढऱ्या-मोतिया फुलांचे गुच्छ, आणि याला खरोखर वास आहे. ‘दिल्ली व्हाइट पर्ल’ आपल्या देशातला, नावाप्रमाणे मोत्यासारखा पांढरा. दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था आणि तिथले डॉ. बी. पी. पाल यांच्यामुळे देशी गुलाबांची एक पिढीच उभी राहिली. गहू सुधारणारा हा शास्त्रज्ञ फावल्या वेळात गुलाब करी. रोपवाटिकेत हे नाव दिसले तर सोडू नका.

वासाच्या शौकिनांना दोन नावे मोहात पाडतात. एक वेली ‘क्रिमझन ग्लोरी’. मखमली गडद लाल, सुगंध असा की एक फूल खोली भरून टाकते. पण गडद लाल पाकळी ऊन शोषते. आपल्याकडे मार्च उजाडला की तिच्या कडा करपतात. पूर्वेकडे तोंड असलेल्या फाटकावर, दुपारनंतर घराची सावली येत असेल तरच त्याला हात घालावा. दुसरे नाव ‘मार्शल नील’. फ्रान्समधला, १८६४ चा, फिका पिवळा. याची मान नाजूक, त्यामुळे फूल खाली झुकते. फुलदाणीत हा दोष, कमानीवर मात्र गुण. खालून जाणाऱ्याकडे फूल स्वतःच पाहते. त्याला ऊब आवडते, पण तो मिजासखोर आहे. खतपाण्याची हयगय झाली की रुसतो. पहिलाच गुलाब लावणाऱ्या घराला मी तो सुचवत नाही.

त्या मुलीच्या घरासाठी मी वेगळाच मार्ग सांगितला. आठ फुटांवर फुललेल्या फुलाचा वास खाली चालणाऱ्या माणसापर्यंत फारसा येत नाही. वारा तो वरच्या वर घेऊन जातो. वास हवा असेल तर फूल नाकाच्या उंचीला हवे. म्हणून कमानीवर कमी काट्यांचा वेली ‘आइसबर्ग’, आणि फाटकाच्या आत, बाजूला, हाताच्या अंतरावर आपला गावठी गुलाब. तोच गुलकंदाचा, गुलाबी, विस्कटलेल्या पाकळ्यांचा. त्याला कमानीवर नेऊ नका. तो चार-पाच फुटांचे झुडूपच राहतो आणि तेवढ्यातच शोभतो. अत्तरासाठी फुले पहाटे तोडतात ती उगाच नाही. ऊन चढले की सुगंधी तेल उडून जाते. फजरहून परतण्याची वेळ आणि गुलाबाच्या वासाची वेळ एकच. इशाच्या वेळी मात्र गुलाबाकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्या वेळेसाठी रातराणी आहे, मोगरा आहे.

काट्याचाही विचार झाला. न पाहता हात पुढे करून चालणाऱ्या माणसाच्या वाटेत लोंबती फांदी ही नुसती गैरसोय नाही, ती डोळ्याला, गालाला इजा करते. कमान आतून निदान चार फूट रुंद आणि साडेसात फूट उंच असावी. फांद्या कायम बाहेरच्या बाजूने बांधाव्यात, आतून नव्हे. गावठी गुलाब वाटेच्या काठापासून दोन फूट मागे. हे दादांना विचारून ठरवा, असे मी तिला म्हटले. दुसऱ्या दिवशी निरोप आला की दादांना ‘आइसबर्ग’ मान्य आहे, पण गावठी गुलाब दोन फूट नाही, दीड फूट मागे. ज्याने जन्मभर गुलाब छाटले, त्याच्याशी सहा इंचांवरून वाद घालायची माझी हिंमत नाही.

आता कमानीकडे. चिंचोळीसारख्या ठिकाणी वेल्डिंगची सोय दारातच, त्यामुळे लोक हौसेने नक्षी करून घेतात आणि मजबुतीकडे दुर्लक्ष करतात. तीन-चार वर्षांचा गुलाब पानाफुलांनी भरला की शिडासारखा वारा धरतो. मे महिन्यातल्या वळवाच्या वावटळीत पातळ सळईची कमान आडवी होते. इंचभर जाडीचा गॅल्व्हनाइज्ड पाइप घ्या, पाय दीड-दोन फूट खोल काँक्रीटमध्ये पुरा, आणि दर फुटाला आडवी पट्टी लावून घ्या. उन्हात तापलेले लोखंड कोवळ्या फांदीला भाजते. जिथे फांदी टेकते तिथे काथ्या किंवा गोणपाट गुंडाळावे. रंग फिका द्यावा. काळा रंग फोटोत छान दिसतो, मे महिन्यात तव्यासारखा तापतो. कमान भिंतीला लागून असेल तर भिंत आणि जाळीत चार बोटे अंतर सोडा, म्हणजे हवा खेळेल.

बांधायला नायलॉनची दोरी किंवा तार नको. फांदी जाड होते, दोरी होत नाही, मग ती सालीत रुतते. आपण चादरी-टॉवेलच्या गावचे लोक. मागावरच्या कपड्याच्या काठाच्या सुती पट्ट्या घरात कुठेतरी पडलेल्या असतातच. त्या पट्टीने इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास द्यावा, एका वेढ्यात फांदी, दुसऱ्यात पाइप.

आणि फांदी सरळ वर नेऊ नका. सगळ्यांत जास्त चुकणारी गोष्ट ही. फांदीच्या शेंड्यात एक रस तयार होतो, तो खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. फांदी उभी असेल तर फक्त शेंडा फुलतो, खालचा सगळा भाग उघडा बांबू. तीच फांदी तिरकी किंवा आडवी केली की शेंड्याची दादागिरी संपते, प्रत्येक डोळा फुटतो आणि त्या प्रत्येक फुटव्यावर फूल येते. कमानीच्या खांबाला फांदी जिन्यासारखी गोल फिरवत न्यावी. कोवळी असतानाच वळवावी. जून फांदी वळवायला गेलात तर कडकन मोडते.

कलम विकत घेताना तीन गोष्टी पाहा. पुणे-सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिका ओळीने आहेत. गाडी थांबवून घेणारे बहुतेक जण फुललेले रोप उचलतात. फुलाकडे नाही, बुडाकडे बघा. डोळा भरलेली जागा भरीव हवी, तिथून निदान दोन दमदार फांद्या निघालेल्या हव्यात. दुसरे, ‘वेली’ म्हणजे कोणता, नाव विचारा. ‘लाल वेली’, ‘पिवळा वेली’ ही नावे नव्हेत. तिसरे, पहिली दोन वर्षे त्याला कात्री लावणार नाही, असे मनाशी ठरवूनच पैसे द्या. पुष्कळसे वेली गुलाब हे झुडूप-गुलाबाला अचानक फुटलेल्या लांब फांदीपासून तयार झालेले असतात. लहानपणी त्यांना जोरात छाटले तर ते पुन्हा झुडूप होऊन बसतात. आणि मोबाइलवर दिसणाऱ्या ‘निळ्या वेली गुलाबाच्या बिया’ कृपया मागवू नका. गुलाबाच्या कलमी जाती बियांपासून तशाच येत नाहीत. खरा निळा गुलाब तर निसर्गात नाहीच. जपानच्या सन्टोरी कंपनीने जनुकीय बदल करून २००९ मध्ये एक बाजारात आणला, तोही पाहणाऱ्याला जांभळटच वाटतो.

खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल. मुरूम निघाला तर तो सगळा बाहेर काढा आणि पोयटा माती, कुजलेले शेणखत, दोन-तीन मुठी निंबोळी पेंड असे भरा. काळी चिकट माती असेल तर थोडी वाळू मिसळा, नाहीतर मुळे गुदमरतात. डोळा भरलेली जागा मातीच्या दोन बोटे वर राहू द्या. लागवड पावसाळा स्थिरावल्यावर किंवा ऑक्टोबरात. एप्रिल-मेमध्ये रोप कितीही सुंदर दिसले तरी घेऊ नये. बुडाशी उसाचे पाचट पसरले तर ओल टिकते.

पाण्याची गोष्ट मात्र नीट बोलायला हवी, कारण या भागात गुलाब मरतो तो बहुधा पाण्यानेच, कमी पाण्याने किंवा खाऱ्या पाण्याने. रोज तांब्याभर शिंपडण्यापेक्षा उन्हाळ्यात आठवड्यातून दोन-तीनदा बादलीभर खोलवर मुरू द्यावे. खड्ड्याशेजारी कच्च्या भाजणीचा माठ गळ्यापर्यंत पुरून तो भरत राहिलात तरी पाणी झिरपत मुळांना पोहोचते. आपल्या घरांत वुजूचे पाणी असते. त्यात साबण नसतो. वुजूच्या जागेचा पाइप नालीत सोडण्याऐवजी फाटकाकडे वळवला तर चार-पाच माणसांच्या घरात दोन झाडे आरामात जगतात. उलट, पाणी शुद्ध करण्याच्या मशीनमधून वाया जाणारे पाणी काही बहिणी काटकसरीने झाडांना घालतात. तसे करू नका. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात आणखी घट्ट झालेले असतात.

पाने पिवळी पण शिरा हिरव्या, असे दिसले तर ते बहुधा लोह न मिळाल्याचे लक्षण. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. हिराकस शेणखतात मिसळून द्यावे, किंवा कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह आणून पाकिटावरच्या प्रमाणात फवारावे. उन्हाळ्यात पानांच्या खाली बारीक जाळे दिसले तर लाल कोळी. सकाळी पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा मारला की निम्मे काम होते, आणि ट्रकांची धूळही धुऊन निघते. छाटल्यावर फांदी टोकापासून काळी पडत खाली आली तर जिवंत भागापर्यंत कापून बोर्डो पेस्ट लावा.

छाटणी तिसऱ्या वर्षापासून, पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरात. मुख्य फांद्या तशाच ठेवायच्या. त्यांना फुटलेल्या बाजूच्या फांद्या दोन-तीन डोळ्यांवर कापायच्या. साधारण दीड महिन्यात पहिली फुले दिसतात. घरात डिसेंबरमध्ये निकाह असेल तर हा हिशेब उपयोगी पडतो. बुडातून, डोळ्याच्या खालून, सात-सात पानांची हिरवीगार फांदी जोमाने येऊ लागली तर आनंदून जाऊ नका. तो खालचा रानगुलाब आहे. खुंटापाशी ओढून काढा. कापलात तर पुन्हा येतो. ‘आमचा लाल गुलाब दोन वर्षांत पांढरा झाला, कुणाची नजर लागली’ असे सांगणाऱ्या एका आपाच्या घरी मी गेले होते. नजर कुणाची नव्हती. वरचे कलम केव्हाच मेले होते आणि खालचा खुंट मजेत फुलत होता.

उर्दूच्या तासाला मी मुलींना एक गंमत सांगते. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल, ‘आब’ म्हणजे पाणी. ‘गुलाब’ म्हणजे खरे तर गुलाबपाणी. आपण पाण्याचे नाव फुलाला देऊन टाकले. ‘गुलकंद’ मात्र नावाला जागला, गुल अधिक कंद, फूल आणि साखर. त्यावरून आठवले. रोपवाटिकेतून आणलेल्या झाडाच्या पहिल्या हंगामातली फुले गुलकंदाला वापरू नका. त्यावर तिथे कोणती औषधे मारली, आपल्याला माहीत नसते. पहिली फुले देठावरच राहू द्यावीत. पुढच्या वर्षी, घरी काही न फवारता वाढलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या घ्याव्यात, पहाटे तोडलेल्या. वजनाला दुप्पट खडीसाखर, काचेच्या बरणीत थर देऊन, तीन आठवडे उन्हात. ‘आइसबर्ग’च्या पाकळ्यांचा गुलकंद करण्याच्या भानगडीत पडू नये, त्याला ना रंग येतो ना वास.